हाड मोडलं नाही, तरी भरपाई मागता येते का?

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी सिग्नलला थांबलेल्या आमच्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली. मी पुढे, चालकाच्या शेजारी बसले होते. कपाळाला तीन टाके पडले, बाकी कुठे लागलं नाही. चूक ट्रकचीच होती, हे विमा कंपनीलाही मान्य आहे. पण तेव्हापासून मागून गाडीचा आवाज आला की अंग आखडतं. करकचून ब्रेक लागलेला ऐकला तर हात थरथरतात. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. कामाचं ठिकाण गाडीने वीस मिनिटांवर आहे, पण मी दीड तास चालत जाते. घरचे म्हणतात, थोडक्यात निभावलं, आता विसर. कंपनी टाक्यांचा खर्च आणि वर थोडी रक्कम द्यायला तयार आहे. सहीसाठी कागदही आलाय. मनाच्या या त्रासाची भरपाई मागता येते का? याबद्दल मी कुठल्याच डॉक्टरांशी बोललेली नाही. आई गेली तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, काही महिने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. ते उकरून काढतील याचीही भीती वाटते.

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. असे कागद बहुतेक ‘पूर्ण व अंतिम तडजोडी’चे असतात. एकदा सही झाली की त्या अपघातातून पुढे जे काही निघेल, त्यावरचाही हक्क सुटतो. नंतर निदान झालं म्हणून प्रकरण पुन्हा उघडणं फार कठीण असतं.

आता मुख्य प्रश्न. हो, मागता येते. हाड मोडायलाच हवं असं नाही.

हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांतून वाचलेली माणसं वरून धडधाकट दिसायची, पण त्यांची झोप जायची, कामात लक्ष लागायचं नाही. जॉन एरिक एरिक्सन या शल्यविशारदाने 1866 मध्ये याचा संबंध पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्याशी जोडला. पुढे 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी सांगितलं की कण्याला इजा नसतानाही नुसत्या भीतीने हे होऊ शकतं. पेज हे एका रेल्वे कंपनीचेच शल्यविशारद होते. आज आपण ज्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतो, ते नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत 1980 मध्ये आलं. तुमचा त्रास खोटा नाही, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनीही ओळखलं होतं.

पण न्यायालयासमोर ‘मला भीती वाटते’ एवढं सहसा पुरत नाही. इंग्लंडमध्ये मान्यताप्राप्त मनोविकाराचं निदान लागतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये निदानाची अट धरली नाही, तरी त्रास गंभीर आणि दीर्घकाळचा असल्याचं दाखवावंच लागतं. म्हणून पहिली पायरी वकिलाकडे नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे. लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आहेत का, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो का, तुम्ही काय काय टाळता, सतत सावध असता का, हे ते विचारतील. ‘एवढे दिवस का आला नाहीत’ याची लाज बाळगू नका. पूर्ण लक्षणं सहा महिन्यांनंतर उमटणं हेही निदानपुस्तिकेत नोंदलेलं आहे.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत बस उलटून पाय मोडलेल्या एका माणसाचा दावा मी चालवला. पायाचे पैसे मिळाले. शेवटच्या तारखेला त्याची बायको मला म्हणाली, “पाय बरा झाला हो, पण हे दीड वर्ष दिवा चालू ठेवून झोपतायत.” फाइलमध्ये त्याबद्दल एक ओळ नव्हती, कारण मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून समोर बसलेल्या प्रत्येकाला मी आधी झोपेबद्दल विचारते.

तुमच्याही कागदपत्रांत आज फक्त तीन टाके आहेत. ते दीड तासाचं चालणं नाही. म्हणून डॉक्टरांना ते नेमकं सांगा: अपघाताआधी कशी जात होता, आता कशी जाता, किती रजा पडल्या, कुठलं काम सोडावं लागलं. ‘टेन्शन येतं’ असं मोघम बोलू नका. ते केसपेपरवर तसंच उतरतं आणि पुढे तुमच्याच विरोधात वाचलं जातं. रोजच्या दोन ओळी तारखेसह वहीत लिहा. चांगला दिवस गेला तर तोही लिहा. एखाद दिवस गाडीत बसलात, तर तेही. कंपनी आपल्या डॉक्टरकडून तपासणी मागू शकते. तिथे त्रास वाढवून सांगू नका, आणि शहाणं दिसायचं म्हणून दाबूनही ठेवू नका. घरच्यांपैकी जो पहाटे तीनला तुम्हाला जागी पाहतो, त्याची साक्ष मोलाची आहे.

झोपेच्या गोळ्यांचं म्हणाल, तर ते स्वतःहून सांगा. लपवलेलं सापडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. इंग्लंडमधलं ‘पेज विरुद्ध स्मिथ’ हे प्रकरण बघा (हे पेज वेगळे). 1987 मध्ये गाड्यांची टक्कर झाली. पेज यांना शारीरिक इजा झाली नाही, पण शमत आलेला त्यांचा जुना थकव्याचा आजार उसळला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, 1995 मध्ये ठरवलं की शारीरिक इजेचा धोका दिसण्याजोगा होता, तेवढ्यावर चालकाची मानसिक हानीचीही जबाबदारी येते. माणूस आधीच नाजूक होता ही सबब चालली नाही. सगळीकडचे कायदे असेच नाहीत, पण जुनं दुखणं म्हणजे दावा संपला, असं समजू नका.

भरपाईत उपचारांचा खर्च, बुडालेला पगार आणि भोगलेला त्रास हे सगळं मांडता येतं. आघातावर केंद्रित समुपदेशन किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघाताच्या आठवणींवर केले जाणारे मानसोपचार) सुचवलं, तर ते घ्या. मुळात त्याने बरं वाटतं, आणि उपचार टाळले तर रक्कम कापली जाऊ शकते.

मुदतीची मात्र मला काळजी वाटते. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं मिळतात, इतरत्र याहून बरीच कमी असू शकते. तुमचे सात महिने गेलेत. कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबते असं धरून चालू नका. तुमच्याकडची मुदत याच आठवड्यात स्थानिक वकिलाला विचारा. तोवर कंपनीला लेखी एवढंच कळवा: ‘अपघातानंतरच्या मानसिक त्रासाची वैद्यकीय तपासणी व्हायची आहे. अहवाल येईपर्यंत मी कोणतीही अंतिम तडजोड स्वीकारत नाही.’ पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवा.