गवत कापताना विळा लागला तर कोणता पाला लावतात?

दगडी पाला. काही भागांत याला एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात. बांधावर, रस्त्याकडेला कुठेही सापडतो: लांब दांड्यावर एकच छोटं फूल, मध्ये पिवळं, कडेने मोजक्या पांढुरक्या पाकळ्या. पानं खरखरीत, कातरलेल्या कडांची.

आधी जखम स्वच्छ पाण्याने धुवा. पानंही धुवा, हे बहुतेक जण विसरतात. मग तळहातावर चोळून रस जखमेवर पिळा आणि वरून दाबून धरा. रक्त थांबतं त्यात दाबाचा वाटा पाल्याइतकाच, माझ्या मते जास्तच.

हे फक्त खरचटलं, वरवर कापलं तर. जखम खोल असेल किंवा विळा माती-शेणाने माखलेला असेल तर पाला लावत बसू नका, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि फवारणी झालेल्या शेतातला पाला अजिबात नको.