मामांची केमो खारघरला चालू आहे. वाशीच्या बाजारातून लक्ष्मणफळ आणून त्याचा रस द्यावा का? ते केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे म्हणतात.

केमोऐवजी तर अजिबात नको, आणि केमोसोबत रोज द्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लक्ष्मणफळाने माणसाचा कॅन्सर बरा होतो हे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा १०,००० हा आकडा मात्र हवेतला नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या १९९६ च्या शोधनिबंधात तो आहे, पण फळाच्या रसाबद्दल नाही. बियांमधून वेगळं काढलेलं एक शुद्ध रसायन आतड्याच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या पेशींवर, तेही काचेच्या बशीत, अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा तितक्या कमी मात्रेत परिणामकारक ठरलं, एवढंच. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात! लक्ष्मणफळातली अशी रसायनं पेशीचा ऊर्जापुरवठा तोडतात आणि निरोगी चेतापेशींनाही ती सोडत नाहीत. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा (हातपाय कापणं, हालचाल मंदावणं) आजार जास्त आढळला. म्हणून पानांचा काढा आणि बियांची पूड यांच्या वाटेला जाऊच नका.

वनस्पतींतून कॅन्सरची औषधं मिळतच नाहीत असं नाही. व्हिन्क्रिस्टीन आपल्या दारातल्या सदाफुलीतूनच आलं, पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. सदाफुलीची पानं कुणी चघळायला सांगत नाही. मामांना कधीतरी चवीपुरती एखादी फोड खावीशी वाटली, तर उपचार जिथे चालू आहेत तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारून द्या.