नवरा घोरता घोरता मध्येच गप्प होतो, डॉक्टरांना दाखवावं का?

तुम्ही लिहिलंय की नवरा जोरात घोरतो, मध्येच एकदम गप्प होतो आणि मग गुदमरल्यासारखा श्वास ओढतो. विचारलं तर 'दमलो की होतं' म्हणून उडवून लावतो. दाखवा, आणि लवकर दाखवा. पाच वर्षांपूर्वी उडवून लावणारा तो नवरा मी होतो.

आमच्या घरी घोरणं म्हणजे गाढ झोप. "पाठ टेकली की घोरायला लागतो," असं आई कौतुकानं सांगायची. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीतून दोनदा-तीनदा लघवीला उठणं; मी म्हटलं, वय झालं. मग एकदा सिग्नलला गाडी थांबवली ती मागच्यांच्या हॉर्ननेच जाग आली. तेव्हा मात्र टरकलो. बायकोनं रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. त्यातली शांतता मी मोजली, 22 सेकंद! डॉक्टरांनी माझं पुराण ऐकण्याआधी तोच पाहिला. तुम्हीही आज रात्रीच काढून ठेवा.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बुजते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, म्हणून नवऱ्याचं ऐकू नका. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रीच्या झोपेच्या तपासणीत, श्वास तासाला किती वेळा अडतो ते मोजतात. 5 च्या आत असेल तर ठीक, 30 किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. माझा आकडा 41. वजन जास्त, मान जाड असेल तर शक्यता वाढते, पण सडपातळ माणसंही सुटत नाहीत. गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल तर तेही सांगा.

कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. मला सीपॅप मशीन दिलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. पहिले पंधरा दिवस त्या मास्कचा इतका वैताग आला की परत करणार होतो. आता प्रवासातही नेतो.

झोपच न लागणं ही वेगळी तक्रार. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं चाललं तर तीही दाखवावी. पण नवऱ्याला मनानं झोपेची गोळी देऊ नका, आणि 'झोप छान लागते' म्हणून रात्री पेग घेत असेल तर तो आधी बंद. दोन्हींनी घसा आणखी सैल पडू शकतो. दिवसा पेंगत असेल तर तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.