आमच्या नाशिकच्या क्लिनिकमध्ये पेशंटना दोन-दोन तास ताटकळावं लागतं. तिसरा डॉक्टर नेमावा, की कॉम्प्युटर सिम्युलेशनने काही फरक पडेल?

फरक पडेल, पण आधी आठवडाभर घड्याळ घेऊन तुमच्याच ओपीडीत बसा.

गंगापूर रोडवरच्या एका दोन डॉक्टरांच्या क्लिनिकसाठी मी हे केलंय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सिमपाय या मोफत लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) मॉडेल, म्हणजे रांगेची कॉम्प्युटरवरची नक्कल, बांधलं: पेशंट येतो, केस पेपर काढतो, वजन-बीपी होतं, डॉक्टर तपासतात, औषध घेऊन जातो. वेळा नोंदवहीतून घेतल्या. मॉडेलमध्ये थांबायला लागला अर्धा तास, आणि बाहेर बाकावर माणसं दोन तास बसलेली!

चूक सापडली ती डॉक्टरांच्या दाराशी. पेठहून पहिल्या एसटीने आलेले एक आजोबा रक्ताचा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा नंबर सकाळीच होऊन गेला होता, आता फक्त रिपोर्ट दाखवायचा होता. अशांना मावशी दोन नंबरांच्या मधे आत सोडत. ही दुसरी फेरी नोंदवहीत कुठेच नव्हती. ती मॉडेलमध्ये घातली तेव्हा आकडे जुळले. मॉडेलला आजची रांग जशीच्या तशी दाखवता येत नाही, तोवर मॉडेलचा कुठलाही सल्ला ऐकू नका.

एवढ्याशा फेरीने इतकं का बिघडतं? समजा एकच डॉक्टर आहेत, तपासणीला सरासरी 6 मिनिटं लागतात (कुणाला बरीच कमी, कुणाला बरीच जास्त) आणि पेशंट कधीही येतात. डॉक्टर 80 टक्के वेळ गुंतलेले असतील तर रांगेच्या गणिताने सरासरी 24 मिनिटं थांबावं लागतं. 90 टक्क्यांवर 54, आणि 95 टक्क्यांवर 114 मिनिटं! म्हणून डॉक्टरांवरचा थोडासा भार हलवला तरी रांग झपाट्याने उतरते.

आम्ही रिपोर्ट दाखवणाऱ्यांना दुपारची वेगळी वेळ दिली आणि लांबून आलेल्यांचं रक्त सकाळी सगळ्यात आधी घेतलं. तिसऱ्या डॉक्टरची गरज पडली नाही. वेळ ठरवून बोलवायचं असेल तर ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी 1952 मध्ये सुचवलेली पद्धत मॉडेलमध्ये नक्की घालून बघा: सुरुवातीला दोघांना एकदम बोलवायचं, मग सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला. डॉक्टर फारसे रिकामे बसत नाहीत आणि गर्दीही फारशी साचत नाही.

वेळा टिपताना नुसती सरासरी काढून ठेवू नका, प्रत्येक पेशंटची वेळ वेगळी लिहा. आणि बुधवार सोडू नका, बाजाराला आलेली माणसं त्याच फेरीत दवाखानाही उरकतात.