शेजारधर्म : वाचकांचे प्रश्न, सांगलीच्या काकूंची उत्तरं

पत्रं बरीच साठली आहेत, त्यांतली पाच या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी सांगते : मी सांगलीत राहते. नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आम्ही काही मैत्रिणींनी मिळून विश्रामबागेत रुग्णसाहित्य केंद्र सुरू केलं. उत्तरं त्या अनुभवातून देते.

काकू, माझे वडील दीर्घ आजाराने गेल्या महिन्यात वारले. घरात फाउलर बेड (दांडा फिरवून डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वर-खाली करता येणारी रुग्णाची खाट), हवेची गादी, व्हीलचेअर, वॉकर, उरलेली औषधं आणि डायपर पडून आहेत. आईला ते डोळ्यांसमोर नको झालंय. भाऊ म्हणतो, विकून टाकू. मला कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं वाटतं. कुणाला द्यावं?
– एक वाचक, इचलकरंजी

वडिलांचं सगळं आजारपण तुम्ही घरात काढलंत. ते किती कष्टाचं असतं हे मला ठाऊक आहे. तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

वस्तू रुग्णसाहित्य केंद्राला द्या. आपल्याकडे पुष्कळ गावांत असं एखादं केंद्र असतं. कुठे ज्येष्ठ नागरिक संघ चालवतो, कुठे गणेश मंडळ, कुठे रोटरी किंवा लायन्स क्लब. थोडी अनामत घेऊन वस्तू देतात, भाडं नाममात्र असतं किंवा नसतंच, आणि वस्तू परत आली की अनामतही परत. खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला वॉकर काही आठवडेच लागतो, मग तो पुढच्या घरी जातो. बेडचंही तसंच. ज्यांना विकत घेणं परवडत नाही ते रुग्णाला जमिनीवर झोपवतात. मग कूस बदलायला, स्वच्छता करायला प्रत्येक वेळी वाकायचं, आणि घरातल्या बाईची कंबर कायमची जाते. शिवाय कूस वेळेवर बदलली गेली नाही की माकडहाडाशी जखम होते, ती महिनोन्‌महिने भरत नाही. तुमचा एक बेड हे सगळं टाळू शकतो.

देण्याआधी मात्र अर्धा तास काढा. वॉकर उलटा करून चारही पायांचे रबरी बूट बघा. एकाही पायाचा बूट झिजून आतली नळी फरशीला टेकत असेल, तर ओल्या न्हाणीघरात तो वॉकर हमखास सटकतो, आणि नुकताच उभा राहायला लागलेला माणूस पुन्हा त्याच खुब्यावर पडतो. बूट सर्जिकलच्या दुकानात सुटे मिळतात, स्वस्त असतात. नवे चार घालूनच द्या. व्हीलचेअरमध्ये स्वतः बसा, दोन्ही ब्रेक लावा आणि कुणाला तरी मागून ढकलायला सांगा. बेडच्या डोक्याकडचा आणि पायाकडचा असे दोन्ही दांडे फिरतात का बघा, आणि ते बेडलाच बांधून पाठवा, कारण हरवतात तेच. गादीचा पंप रात्रभर चालू ठेवा. सकाळी एखादा कप्पा बसलेला दिसला तर तसं चिठ्ठीवर लिहा.

औषधांचं वेगळं. पट्टीवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत लिहिलेलं टोक शाबूत असेल, तरच ती पट्टी कुणाच्या उपयोगाची. फोडलेलं सिरप, डोळ्यांचे थेंब, फ्रीजबाहेर राहिलेलं इन्सुलिन कुणालाही देऊ नका. आणि ‘तुलाही बीपीच आहे ना’ म्हणून शेजाऱ्याच्या हातात गोळ्या कधीही ठेवू नका. जिथे डॉक्टर किंवा फार्मासिस्ट बसून औषधं तपासतात अशाच ठिकाणी द्या. डायपरचं फोडलेलं पाकीटसुद्धा वृद्धाश्रमात चालतं, फक्त माप सांगा.

भावाचं म्हणणंही ऐका. आजारपणात घर पोखरून निघतं. बेड विकून बाकीचं दिलंत तरी ते दिलेलंच आहे. घरात तंटा करून देऊ नका. आईला मात्र एकदा विचारा, व्हीलचेअरच्या पाठीवर वडिलांचं नाव घालायचं का. बऱ्याच घरांत हा प्रश्न विचारल्यावर आई पहिल्यांदा मोकळेपणाने बोलते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा आमच्या मंडळाने टेम्पोभर कपडे गोळा करून सोलापूर जिल्ह्यात नेले. तिथल्या मुलांनी ‘कपडे नकोत’ म्हणून सांगितलं. इतक्या लांबून आलेल्या माणसांना असं परतवावं का?
– एक कार्यकर्ता, सातारा

तुम्ही टेम्पो भरून निघालात हे मोठंच आहे. मनाला लागलं असेल हेही कळतं. पण त्या मुलांची बाजू मला सांगायलाच हवी, कारण ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही त्यांच्या जागी होतो.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली, ते उपकार सांगली विसरणार नाही. त्या मदतीत जुन्या कपड्यांचे ढीग होते. साड्या होत्या, पण परकर नाहीत, ब्लाउज नाहीत. अंगावरच्या एका कपड्यानिशी बाहेर पडलेली बाई ती साडी नेसणार कशी? आतले नवे कपडे आणि सॅनिटरी पॅड यांचं तर कुणी नावच काढत नाही. ढीग निवडायला माणसं लागतात, आणि तीच माणसं घरांतला गाळ उपसायलाही लागतात. पाणी ओसरल्यावर लागतात खराटे, फावडी, पाट्या, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर. त्यानंतर लागतात स्टोव्ह, तवा, पातेली, अंथरूण. मुलांची दप्तरं आणि वह्या. तोवर टेम्पो येणं थांबलेलं असतं.

सीनाकाठी आणखी वेगळं घडलं. शेतातली माती खरवडून गेली, गोठ्यातली जनावरं वाहून गेली. त्या माणसांना चारा हवा होता, रब्बीचं बियाणं हवं होतं, शेत पुन्हा सारखं करायला ट्रॅक्टर आणि डिझेल हवं होतं. शर्ट-पँट त्यांच्या गरजेच्या यादीत फार खाली होती.

पुढच्या वेळी निघण्याआधी त्या गावातल्या एका माणसाला फोन करा. शाळेचे मुख्याध्यापक, आशाताई, ग्रामपंचायतीतलं कुणीही. यादी मागा, मापासकट. आणि शक्य असेल तर पहिल्या आठवड्यात न जाता तीन आठवड्यांनी जा. त्या वेळी तुम्हाला कुणी परतवणार नाही.

जमवलेले कपडे टाकू नका. ‘गूंज’सारखी संस्था १९९९ पासून हेच काम करते. कपडे निवडते, दुरुस्त करते, उरलेल्या सुती कापडाचे पॅडही करते. फक्त धुऊन, कोरडे करून, पुरुष-बायका-मुलं असे गठ्ठे वेगळे बांधून द्या.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला बायपास सांगितली आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आणि रिपोर्ट टाकून आवाहन करायचं ठरलंय. मी पुढाकार घेतला आहे. किती रक्कम जमवावी, आणि ती कुणाच्या हातात द्यावी?
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

रक्कम ठरवण्याआधी एक दिवस मावशींबरोबर बाहेर पडा. तुमचा तो दिवस तुमच्या वर्गणीपेक्षा मोलाचा ठरेल.

पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि बायपास त्यात बसते. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा, तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचं टेबल असतं. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारता येतं. ऑपरेशनला मंजुरी आधी घ्यावी लागते. घाबरून भलत्याच रुग्णालयात डिपॉझिट भरून मोकळं झालं, की ते पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. अशी कितीतरी घरं मी कर्जात गेलेली पाहिली आहेत.

दुसरी चौकशी धर्मादाय रुग्णालयाची. ट्रस्टची मोठी रुग्णालयं धर्मादाय म्हणून नोंदलेली असतात, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बांधलेलं आहे. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. काउंटरवर ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर तिथेच थांबू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, तेवढ्यानेही नाही झालं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. मावशी एकट्या गेल्या तर त्यांना पहिल्या खिडकीवरूनच परत पाठवतील. शेजारी इस्त्रीची साडी नेसलेली बाई उभी असली की बोलण्याचा सूर बदलतो. हे मला फार खटकतं, पण तसं होतं. म्हणून तुम्ही सोबत जा.

आता पैसे. ऑपरेशन योजनेतून झालं तरी खर्च राहतोच. नवऱ्याची मजुरी दोन-तीन महिने बंद. रुग्णाजवळ बसणाऱ्याचं जेवण, रिक्षा, घरभाडं, घरी आल्यावरची औषधं. त्यासाठी वर्गणी जमवा, आणि एकदम न देता महिन्याच्या महिन्याला द्या. दहा घरांनी चार महिने पाचशे रुपये दिले तर ते घर तरून जाईल. रक्कम मावशींच्या स्वतःच्या खात्यात जाऊ दे, रुग्णालयाचं काही बिल असेल तर थेट रुग्णालयाच्या नावाने भरा, आणि हिशेब ग्रुपवर टाका.

मावशी सोसायटीत जेवढ्या घरी जातात, त्या सगळ्यांनी या काळातल्या सुट्टीचा पगार कापायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. वर्गणीत हजार द्यायचे आणि खाड्यांचे दीड हजार कापायचे, असं आपल्या सोसायटीत होता कामा नये.

फोटो टाकू नका, रिपोर्ट तर नाहीच. उद्या मावशींची मुलगी याच जिन्यावरून वर येणार आहे. ‘आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाला’ एवढं लिहिलं तरी ज्यांना द्यायचं ते देतात. आणि तेवढंही लिहू का, हे मावशींना विचारून मगच लिहा.

मी न्यू जर्सीत राहतो, अमेरिकन नागरिक आहे. तासगाव भागातल्या आमच्या गावातल्या छोट्या संस्थेला दरवर्षी पैसे पाठवायचे आहेत. संस्था म्हणते, घेता येत नाहीत. का?
– एक वाचक, अमेरिका

संस्थेने बरोबर सांगितलं, आणि खरं सांगितलं म्हणून तिच्यावर विश्वास ठेवा. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला भारतीय संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याने तुम्ही परदेशीच. भारतीय पासपोर्ट असलेल्याने तिकडच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र परदेशी देणगी धरले जात नाहीत. तेव्हा तुमच्या कुटुंबात कुणाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून द्यावं. नाहीतर नोंदणी असलेली मोठी संस्था शोधा. आणि गावी याल तेव्हा त्या छोट्या संस्थेत चार दिवस जाऊन बसा. तिथल्या मुलांना इंग्रजीत अर्ज लिहायला शिकवायला कुठलीच नोंदणी लागत नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा एकटे राहतात. विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचे, पेन्शन नाही. दूध बंद केलंय, तब्येत उतरली आहे. मी डबा दिला तर ‘मला भीक नको’ म्हणून परत केला. कसं समजवू?
– एक वाचक, कराड

समजवायला जाऊच नकोस, बाळ. ज्यांनी आयुष्यभर दिलं त्यांना घ्यायला शिकवणं आपल्या हातात नाही. तू त्यांच्याकडून काहीतरी घे. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला वही घेऊन पाठव, ‘सर, अपूर्णांक जमत नाहीत’ म्हणून. तुझ्या घरी नसेल तर गल्लीत असेल. शिकवणीला आलेल्या मुलाने सरांसाठी आईच्या हातची भाजी आणली तर ती भीक होत नाही, ती आपल्याकडची रीत आहे. महिनाभराने शिकवणीचे पैसे पाकिटात घालून दे. घेतील.

दुसरं, त्यांच्या कागदांचं काम काढ. वय ६५ झालं असेल आणि उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात करायचा. रेशन चालू आहे का बघ. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे पुसट होतात, दुकानातल्या मशीनवर उमटत नाहीत. दोनदा परत पाठवलं की स्वाभिमानी माणूस तिसऱ्यांदा जातच नाही. तू त्यांच्याबरोबर दुकानात जा आणि काय अडलंय ते दुकानदाराला नीट विचार.

आणि नर्स म्हणून एक विचारते : त्यांची कवळी बघितलीस का? कवळी सैल झाली किंवा तुटली की माणूस भाकरी सोडतो, चहात बिस्कीट बुडवून दिवस काढतो, आणि लाजेने कुणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, पैसे नाहीत म्हणून जेवत नाहीत. तसं असेल तर डब्यात पोळी देऊन काही होणार नाही. मऊ खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी, वरण-भात, शिजवलेला भोपळा असं पाठव, आणि दरम्यान दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन जा, तिथे खर्च बराच कमी येतो. ‘मलाही दाढ दाखवायची आहे, एकटी जायला नको वाटतं’ म्हणून त्यांना सोबतीला बोलाव. येतील. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.