फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर "कडेने जा" एवढं पुरत नाही

तुमचा प्रश्न असा: नुकतेच रत्नागिरीत राहायला आलात, मुलगा आठवीत, सायकलने शाळेत जातो, सासूबाई पायी बाजारात जातात. वाटेत फुटपाथ जवळजवळ नाहीच. सगळे सांगतात "कडेने जा", मग कडेने जाऊनही मुलगा पडला कसा?

कडेने गेला म्हणूनच पडला. आपल्या कोकणात रस्त्याची कड हाच सगळ्यात वाईट भाग. डांबर संपतं तिथे वीतभर खाली गेलेली साईडपट्टी, पावसात तिच्यावर लाल चिखल नाहीतर शेवाळ, पलीकडे गटार, त्यावरची एखादी फरशी गायब, आणि लगेच जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पुढचं चाक डांबरावरून खाली घसरलं की पोरं ते तिरकं करून वर चढवायला बघतात. चाक कडेला घासत राहतं, हँडल वळत नाही आणि पोर नेमकं रस्त्याच्या बाजूला आडवं होतं. त्याला एवढंच शिकवा: चाक खाली गेलं तर खालीच राहू दे, हळू ब्रेक दाब, उतर आणि सायकल उचलून वर घे.

एरवी सायकल डांबराच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत ठेवायची. उभ्या रिक्षांच्या मधल्या फटीत शिरून पुन्हा बाहेर येणं नको. मागच्याच्या दृष्टीने तो मध्येच उगवलेला असतो. मागून हॉर्न वाजतील, वाजू देत. हॉर्न वाजवणाऱ्याला तुम्ही दिसलेले असता.

एसटीची गोष्ट मात्र वेगळी. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापून जातात. पुढचं टोक निघून गेलं म्हणून डावीकडून पुढे घुसणारा सायकलवाला बस आणि गडगा यांच्यात सापडतो. वळणाआधी बसच्या मागे थांबायचं, यात तडजोड नाही. डंपरलाही हेच लागू.

आणि पावसात रिम ओली असली की रबरी ब्रेक उशिरा लागतो. घाटी उतरण्याआधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यायची सवय लावा.

आता सासूबाई. फुटपाथ नसेल तिथे उजवीकडून चालायचं, म्हणजे जवळून जाणारी गाडी समोरून दिसते. अपवाद आंधळ्या वळणाचा: उजवीकडे गडगा आणि रस्ता उजवीकडेच वळत असेल, तर वळणाआधीच पलीकडे जावं, नाहीतर समोरच्याला त्या शेवटच्या क्षणी दिसतात.

रस्ता ओलांडताना लोक गाडी किती जवळ आहे ते बघतात, आपल्याला किती वेळ लागणार ते धरत नाहीत. दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटर. वयस्कर माणसाला तेवढ्याला आठ-नऊ सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर येते, म्हणजे तेवढ्या वेळात जवळपास शंभर मीटर. गावात हे अंतर विजेच्या तीनेक खांबांएवढं धरा. गाडी त्याच्या आत असेल तर जाऊ द्यायची. आपल्याला बघून ती थांबेल हा हिशेब धरायचाच नाही, विशेषतः मे महिन्यात आणि गणपतीत. तेव्हा निम्म्या गाड्या बाहेरच्या असतात आणि चालकाचं लक्ष मोबाईलच्या नकाशात.

छत्री काळी नको, आणि वाऱ्यात ती पुढे झुकवली की समोरचं काही दिसत नाही. गाड्यांच्या सुट्ट्या भागांच्या दुकानात चमकणारी पट्टी मिळते, ती छत्रीच्या कडेला आणि मुलाच्या दप्तराला चिकटवा. हेल्मेटपेक्षा स्वस्त, आणि रात्रीच्या पावसात माझ्या मते जास्त कामाची. (हेल्मेट घालू नका असं म्हणत नाही!)

शेजारचे वर्गणी काढून सिमेंटचा उंचवटा घालू म्हणतील, तर सामील होऊ नका. गतिरोधकाचं भारतीय रस्ते काँग्रेसचं प्रमाण ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच असं आहे. हाताने घातलेला उंचवटा अरुंद आणि उभा होतो, आणि अंधारात त्यावर पहिला आपटतो तो सायकलवालाच.

त्यापेक्षा अर्ज करा. आधी रस्ता कोणाचा ते शोधा. आळीतला असेल तर बहुधा नगरपरिषदेचा, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, आणि साळवी स्टॉपवरून कुवारबावकडे जाणारा मिऱ्या–नागपूर हा तर राष्ट्रीय महामार्ग. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज तिथेच पडून राहतो. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या हक्काचा भाग मानला, त्याचा उल्लेख जरूर करा. पण मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. अरुंद आळीत १.८ मीटरचा फुटपाथ मागून काही होणार नाही. तिथे संध्याकाळची एकेरी वाहतूक मागा. गटाराची फरशी मात्र लगेच बसू शकते. पावसाआधीच्या गटारसफाईत फरश्या उचलल्या जातात आणि काही परत बसत नाहीत, म्हणून अर्ज मे संपायच्या आत द्या. फोटो लावा, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.