घर मिळाल्यानंतरचं काम

बेघर माणसाला घराची किल्ली दिली की आपलं काम संपलं, असं समजू नकोस. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी बेघरांना व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली आणि बहुतेक माणसं त्या घरात टिकली. पण बंद दाराआड धोका वेगळा असतो. रस्त्यावर कोसळलेला कुणाच्या तरी नजरेस पडतो. खोलीत एकट्याने अफूजन्य नशा करणाऱ्याचा श्वास थांबला तर पत्ताही लागत नाही. नॅलोक्सोन, म्हणजे अशा नशेने थांबलेला श्वास परत सुरू करणारं औषध, कुठे ठेवलंय, ते पहिल्याच दिवशी बघून घे. पाहुण्यांवर सरसकट बंदी नको (वरिष्ठांना ती फार आवडते), कारण भाडेकरू अडचणीत सापडला तर जुने सोबतीच आधी मदतीसाठी हाक मारतात. मात्र पाहुण्याने मुक्काम ठोकला आणि भाडेकरू स्वतःच्याच घरात बिचकून वावरू लागला, तर भाडेकरूला एकट्याला गाठून विचार. कुणी रस्त्यावरच्या सवयीने पलंग सोडून जमिनीवर झोपत असेल, तर खुशाल झोपू दे.